बिनविरोध नगराध्यक्ष

अबुधाबीत रुवैसच्या पलीकडे वाळूत आमचा कॅम्प उभा राहिला तेव्हा तिथे केबिनच्या रांगा, एक मेस आणि पाण्याचा टँकर एवढंच होतं. मी कंपनीत टाइमकीपर होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर, म्हणून भांडण झालं की माणसं माझ्याकडे येत. आंघोळीची पाळी, मेसमधली खारट आमटी, टीव्हीवर मल्याळी सिनेमा लावायचा की हिंदी, सगळं मीच मिटवायचो. एका शुक्रवारी मेसमध्ये सगळ्यांनी हात वर करून मला कॅम्पचा पहिला नगराध्यक्ष केलं. चेष्टेतच, पण तेव्हापासून हाक बदलली. "अध्यक्ष, जरा इकडे या." मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

वर्षभरात गावाकडे माझं लग्न ठरलं. मुलीशी फोनवर दोनदाच बोललो होतो. "तुमच्याकडे नुसती वाळूच आहे का हो?" असं तिने हसत विचारलं होतं, आणि ते हसणं माझ्या मनातून जात नव्हतं. मुलीकडचे वैशाखापलीकडे थांबायला तयार नव्हते. माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता.

कॅम्प मॅनेजरकडे सुट्टी मागितली. तो म्हणाला, "सब तुम्हारा बात सुनता है. तुम जाएगा तो झगडा कौन देखेगा? दूसरा प्रेसिडेंट लाओ, छुट्टी लो. खलास."

ही अट मी कोणालाच सांगितली नाही. माणसं चिडून काम बंद करतील आणि त्यांच्याच नोकऱ्या जातील, अशी भीती वाटली. रत्नागिरीकडचे एक वेल्डिंग फोरमन होते, वयाने मोठे, बोलायला खणखणीत. त्यांना एवढंच म्हणालो, "काका, मला आता झेपत नाही. तुम्ही उभे राहा."

"राहतो की. तुमचा शब्द कसा मोडू?"

शुक्रवारी जेवणं झाल्यावर निवडणूक होती. फोरमनकाका बाकावर चढले. "मंडळी, मी माघार घेतो. आमच्या गावात चांगल्या माणसासमोर कोणी अर्ज ठेवत नाही. पोरगा बोहल्यावर चढतोय, पद घेऊनच जाऊ दे. सासरी मान राहील. अध्यक्ष बिनविरोध!"

टाळ्या थांबेनात. मी हात हलवून नको नको म्हणत होतो. त्यांना तो विनय वाटला. मागून कोणीतरी ओरडलं, "लाजतोय बघा नवरदेव!"

मॅनेजरने हात मिळवला. "मुबारक हो. छुट्टी का दिवाली के बाद देखेंगे, इन्शाल्ला."

गेटजवळच्या बूथवरून वडिलांना फोन केला. ते शाळेत कधी गेले नव्हते. मी सगळं सांगितलं.

"सगळ्यांनी मिळून निवडलं? एकही विरोधात नाही?"

"नाही. पण सुट्टी गेली, दादा."

ते म्हणाले, "आपल्या घरात कोणी साधा पंचसुद्धा झाला नाही. तू काही सोडून येऊ नको. मुलीकडच्यांना मी नकार कळवतो."

मी नको म्हणायला हवं होतं. त्यांच्या आवाजातला आनंद ऐकला आणि "बरं" म्हणून फोन ठेवला.

परत आलो तर मेसमध्ये शिरा केला होता.

"नवरदेव, सुट्टी कधीपासून?" काकांनी विचारलं.

"बघू," मी म्हणालो, आणि पहिली वाटी उचलली. मी खाल्ल्याशिवाय कोणी हात लावणार नव्हतं.