नहरातला आमचा तुकडा

गोंदिया स्टेशनवर गाडी लागली तरी बाबा निरोपाचं काही बोलेनात. मी त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याला चिनी भाषा शिकले आणि त्या दिवशी थेट चीनला निघाले होते. तांदळातला काळा दाणा वेगळा करणारी मशीन बनवणाऱ्या कारखान्यात दुभाष्याची नोकरी लागली होती. गोंदियाच्या राइस मिलवाल्यांना ती मशीन हवी होती आणि कारखान्याला हिंदी बोलणारं माणूस. बाबांनी बॅग वर ठेवली, खाली उतरून खिडकीशी आले आणि म्हणाले, "जाय. पण माहे गुडघे गेले, त नहर उपसाले आपल्या घरून कोण जाईल?"

मला असा राग आला म्हणता! लेक परदेशी निघालीय आणि या माणसाला गावच्या कालव्याची, त्या नहराची पडलीय. आमगाव मागे पडेपर्यंत मी मनात त्यांच्याशी भांडत होते.

माझ्या चुलत भावांच्या पोरांनो, तुमच्यातली निम्मी आता नागपूरला होस्टेलवर आहेत, म्हणून आठवण करून देते. कामठ्याजवळच्या आपल्या गावात तलावाचा नहर पावसाळ्याआधी गावच उपसतं. प्रत्येक घरचा एक माणूस. पाणी वाटणारे दौलतकाका काठीने मापून ज्याचा त्याचा तुकडा दाखवतात. मजूर पाठवलेला चालत नाही, घरचंच माणूस लागतं. ज्याचा तुकडा गाळाने भरलेला राहिला, त्याची पाण्याची पाळी रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, वेळी सगळ्यांच्या मागे. आणि रोवण्याला पाणी मागे पडलं की धानाचं काय होतं, ते तुम्ही पाहिलेलंच आहे.

आणि मला खोली मिळाली कुठे, तर हांगचौ शहरात, चीनच्या मोठ्या नहराच्या काठावर! मागच्या फोनवर तुम्ही घोळक्याने ओरडलात, "आत्या, तिकडच्या नहरात काय हाय?" तर ऐका. दोन हजार वर्षांहून जुना आहे तो. एका राजाने एक तुकडा खणला, मग दुसऱ्याने दुसरा. शेकडो वर्षांनी एका सम्राटाने लाखो माणसं जुंपून ते जोडले, आणि त्यातली कितीतरी त्या चिखलातच मेली. एवढा आटापिटा बराचसा तांदळासाठी! धान पिकायचं दक्षिणेला आणि राजधानी उत्तरेला, म्हणून सरकारी तांदळाच्या नावा ओळीने वर जायच्या. वारा पडला की माणसं काठावरून, खांद्याला दोर लावून नावा ओढायची. जुन्या पुलांच्या दगडांवर त्या दोरांनी पडलेल्या खाचा मी बोटांनी चाचपल्या आहेत. नावेवरच संसार असायचा: चूल, कोंबड्या, म्हातारेकोतारे. रांगत्या पोराच्या कमरेला दोरी आणि पाठीवर वाळका भोपळा बांधायचे, पाण्यात पडलंच तर तरंगावं म्हणून.

आता तिथून वाळू वाहणारी लांबलचक जहाजं जातात. सुट्टीच्या दिवशी मला खोलीत बसवत नसे. काठाने चालत सुटायचं, पुलावर जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. मे लागला, गावी नहर उपसायचे दिवस आले, की पायाला भिंगरीच. बाबा दुखऱ्या गुडघ्यांनी काही वर्षं नहरात उतरले. मग एका वर्षी आईने फोनवर सांगितलं की ते गाळातच खाली बसले, दोघांनी उचलून घरी आणले. तुकडा तसाच राहिला होता.

त्याच आठवड्यात मी माझ्या घरमालकिणीला, वू आजींना, एक खुळा प्रश्न विचारला. "या नहराचा गाळ कुठल्या महिन्यात काढता? तुमच्या घरून कोण जातं?" आजी पोट धरधरून हसल्या. "अगं, सरकारी यंत्र येतं, ते काय!" मग हसता हसता थांबल्या. त्या लहान असताना त्यांच्या खेड्यातल्या कालव्यावर हिवाळ्यात घरटी एक माणूस जायचं, गाळ टोपल्यांनी शेतात पडायचा. त्यांच्या घरात पुरुष नव्हता. मग आईच गाळ काढायला गेली.

"कोणी काही म्हणालं नाही?"

"म्हणाले असतील. गाळ तर निघाला ना!"

मी घरी फोन लावला. "बाबा, मी येऊन राहिली. नहर उपसाले."

"बाईमाणूस कधी गेली काय नहरात?"

"चीनमंधी गेली."

"चीनचं चीनमंधी." मग त्यांनी मागे आईला घमेलं कुठे ठेवलंय ते विचारलेलं ऐकू आलं. "मंग लवकर येजो. गाळ वाळला का टणक होते."

गेले. नहरावर कोणीतरी म्हणालंच, "विमानानं येऊन गाळ काढते काय व?" दौलतकाका पुढे आले. बाबांच्या तुकड्याशी काठी आडवी ठेवली आणि म्हणाले, "हे तुया घरचं." हाताला फोड आले, पाठ धरली. बाबा काठावर पालथ्या घमेल्यावर बसून ओरडत होते, "खालून काढ, खालून! आंधळी हायेस काय?" इतका आनंद मला कारखान्यात एकदाही झाला नव्हता.

पण खरं सांगू? चार दिवसांनी तिथेही करमेना. वू आजींचा चहा आठवायला लागला. तिथे असले की इथलं, इथे असले की तिथलं, कुठेच बूड टेकत नाही. त्या वर्षापासून दर मे महिन्यात जाते, पण पाणी सुटायच्या आत मी परत हांगचौला आलेली असते. मी उपसलेल्या तुकड्यातून पाणी वाहताना अजून एकदाही पाहिलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. धानाची बांधी अर्ध्या वाट्याच्या बटईने दुसऱ्याला कसायला दिली, आई काही दिवस माझ्याकडे आली. यंदा मे लागला आणि मला वाटलं, आता कोणासाठी जायचं? ओरडायला तर कोणी नाही. मी काठाने चालत होते, तेवढ्यात फोन वाजला. दौलतकाका. त्यांनी जन्मात कधी मला फोन केला नव्हता.

"सगळा नहर झाला व. तुया तुकड्याले कोणी हात नाई लावला. येऊन राहिली नं?"

इतकी वर्षं तो बाबांचा तुकडा होता. मी तिथेच पुलावर उभी राहून रडले आणि मग तिकीट काढलं.

तुझं घर कुठे, असं इथे लोक विचारतात. मी आता गावाचं नाव सांगत नाही, हांगचौही म्हणत नाही. दौलतकाका काठी आडवी ठेवतात ना, तिथून पुढे.