खाकी टोपडं

मला हे लिहायला लावलंय, माझी हौस नाही. नातसुनेला दिवस गेलेत, घरात जिकडे बघावं तिकडे लोकर, आणि खाटेवर टेकायला जावं तर खालून सुई टोचते. काल ओरडलो, तर म्हणते, "आबा, तुम्हाला विणकामातलं काय कळतं?" तोंडातून दोन गोष्टी निघून गेल्या, झालं. आता म्हणते, लिहूनच काढा. माझं शिक्षण दोन बुकं, त्यातलं अर्धं मास्तराच्या छडीनं विसरायला लावलेलं. शुद्ध-अशुद्ध तुमचं तुम्ही बघून घ्या.

असल्या गोष्टी कुणी मुद्दाम जमवत नाही. भात वारवलं की कडेला फोलपट साठतं, तशा साठतात. झाडून टाकायचं असतं, राहून जातं.

तेव्हा लढाई चालली होती, तिकडं विलायतेला. आम्ही राहायला दहिवलीत. माझी बैलगाडी होती. कर्जत स्टेशनात उतरलेली पार्सलं बाजारात पोचवायची, हा माझा धंदा. एक दिवस खाकी लोकरीचे गठ्ठे आले, कर्जतच्या वकिलांच्या पत्त्यावर. सरकारचा हुकूम होता म्हणे, शिपायांना मोजे विणून द्या. वकिलीणबाईंनी आमच्या आळीतल्या बाया आपल्या ओटीवर गोळा केल्या. आमची हिरा त्यांच्याकडं भांडी घासायला जायची, तीही बसली. कर्जतच्या उकाड्यात लोकर कुणी हातात धरली नव्हती. बायांचे तळहात घामेजायचे आणि लोकर बोटांना चिकटायची.

*

पहिला मोजा विणला भागीनं. भागी म्हणजे आमची शेजारीण, नथूची बायको. नथू स्टेशनात हमाल, माझा जोडीदार.

मोजा कसला, नळी होती ती सरळ. बाईंनी उलटासुलटा करून बघितला.

"भागी, याला टाच कुठंय?"

"टाच कशाला, बाय? आमच्या टाचंला चिखल लागतो. उघडी असली म्हंजे धुवाया बरी."

बाई हसल्या, पण टाच कशी वळवायची ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं. मग कपाटातून इंग्रजी पुस्तक निघालं, त्यात पॅटर्न.

*

पुस्तक वाचायला वकील बसले. कोर्टात बसतात तसे, चष्मा लावून. एक सुलट, दोन उलट, असं सांगत सांगत एका जागी थांबले. म्हणाले, "इथं तारा काढलाय. आता ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंत पुन्हा तेच करायचं."

बायांनी माना हलवल्या. वकिलाला उलटं विचारायची रीत नव्हती.

दोन दिवसांनी भागीनं मोजा आणला तो तिच्या हाताएवढा लांब. बाकीच्या दोघीतिघींचेही तसेच.

"अगं, हे काय केलंत?"

"साहेब बोलले तसंच," भागी म्हणाली. "सांजची चांदनी दिसली तवा सुई धरली, पाटंची दिसली तवा खाली ठेवली. घासलेट जळालं ते आमचंच."

बाई पदर तोंडात धरून आत पळाल्या. वकील हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "कोर्टात माझं बोलणं आजवर कुणी इतकं मनावर घेतलं नव्हतं."

ते लांब मोजे बायांना परत दिले. घरी न्या, उसवा, लोकर गुंडाळून आणा, असं सांगितलं. एवढं ध्यानात ठेवा. मला पुढं ते फार महागात पडलं.

*

त्याच सुमारास हिराला दिवस गेले. आमचं पहिलं पोर पाचवी पुजायच्या आधीच गेलं होतं, तेव्हा या खेपेला माझी आये मांजरीसारखी मागं मागं फिरायची. उंबऱ्यावर बसू नको, नदीपल्याड जाऊ नको, तिन्हीसांजंला न्हाऊ नको. त्यात सून लोकर विणायला लागलेली बघून तिला आणखी एक सापडलं. "पोटुशीनं गाठ मारायची नाय. हिकडं गाठ बसली की तिकडं नाळंला बसती."

हिरा सासूला उलट बोलायची नाही आणि विणायचं सोडायचीही नाही. लोकर संपली, नवी जोडायची वेळ आली, की मला हाक. "अवो, यवढी गाठ मारा."

मी बैल जुंपत असो की तोंडात घास असो. गाठ मारता मारता मलाच सुलट-उलट यायला लागलं. ती थकली की दोन ओळी मी काढायचो. एकदा नथूनं बघितलं. कुडाला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "काशा, बाळत पन तूच हो रं. भागीला सुईन म्हनून धाडतो."

मी त्याच्या अंगावर चाबूक फेकला. त्या वेळी आमचं तेवढं चालायचं.

*

एक दिवस हिरानं पदराखालून लोकर काढली. पांढरी, मऊ, वापरून उसवलेली असावी अशी कुरळी.

"कुठनं गं?"

"म्हायेरनं."

माझी सासुरवाडी पोशीर. मी काही विचारलं नाही. बाळाला टोपडं करायचं तिच्या मनात होतं. पहिल्याला नवं काही अंगाला लागलंच नव्हतं, ते तिला फार टोचायचं.

आये आडवी आली. "पांढरं नाय. पांढरं मड्याला." मग ठरलं, हळदीत रंगवायची. पिवळं झालं की शुभ. आयेनं लोखंडी कढई चुलीवर चढवली. तिचे दात दुखायचे, सकाळीच तिनं त्या कढईत गुळण्यांसाठी हिरडा उकळला होता, त्याचा काळा साका तळाशी तसाच. कढई कोण कशाला धुतंय, त्यातच पाणी, त्यातच हळद, त्यातच लोकर.

बाहेर निघाली ती अशी खाकी, की हवालदारानं सलाम ठोकावा.

आये वाण्याला शिव्या देत बसली, त्यानं हळद खोटी दिली म्हणून. हिरा मात्र ती ओली लोकर मांडीवर घेऊन हसायला लागली. पहिलं पोर गेल्यापासून तिचं हसू मी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "ऱ्हाऊंदे. पोर पलटनीत जाईल, कापडाला पैका नाय लागायचा."

टोपडं झालं. हनुवटीखाली बांधायला दोन बंद. गाठी सगळ्या माझ्या.

*

आता वाईट सांगतो.

वरून विचारणा आली. लोकर एवढी धाडली, मोजे एवढेच कसे? वकिलांनी मला ओटीवर बोलावलं, कारण गठ्ठे माझ्या गाडीतून आलेले. नथूही होता तिथं. मी काही बोलायच्या आत तोच बोलला. "साहेब, काशाच्या वळणीवर खाकी टोपडं वाळतंय. मी बगितलंय."

"ती लोकर सासऱ्याची हाय," मी म्हटलं.

"मग सासऱ्याला घेऊन ये," वकील म्हणाले.

मी तशीच गाडी पोशीरला हाकली. सासरा खळ्यावर होता. मला म्हणतो, "लोकर? जावयबापू, आमच्याकडं भात पिकतं. मेंढरू तुमाला कुठं दिसलं?"

परत येताना बैलांना मी एकदाही हटकलं नाही. ती लोकर सरकारची नव्हती हे मला ठाऊक होतं. पांढऱ्याची खाकी झालेली मी डोळ्यांनी बघितली होती. पण हळदीचं आणि हिरड्याचं सांगितलं असतं, तर वकिलांनी पुढचं विचारलं असतं. पांढरी कुठून आली? पोशीरची नाही. मग उरलं एकच घर, जिथं हिरा रोज कामाला जाते आणि जिथं कपाट उघडं असतं. पहिलं पोर गेलेलं, दुसरं पोटात, आणि दारात फौजदार. मला पुढचं बघवेना.

ओटीवर गेलो आणि म्हटलं, "साहेब, मीच काढली. गठ्ठा सैल झाला व्हता."

"जे काय केलंयस ते आणून दे."

घरून टोपडं आणलं. वकिलांनी ते मोज्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. एवढंसं टोपडं, सरकारजमा. फौजदाराला कळवलं नाही, तो त्यांचा मोठेपणा. बाई आतल्या दारात चौकट धरून उभ्या होत्या.

स्टेशनातली पार्सलं बंद झाली. चोराच्या गाडीत माल कोण घालणार? आधी एक बैल विकला, मग दुसरा. गाडी दारात उभी राहिली, कोंबड्या बसायला लागल्या. मी भाताच्या गिरणीत पोती उचलायला लागलो.

हिरानं त्या दिवशी विचारलं, "टोपडं कुठंय?"

"दिलं."

तिनं पाट मांडला. मग जेवायला वाढलं. त्या दिवशी माशाचा मोठा तुकडा माझ्या ताटात होता. मला वाटलं, चोरी पचली म्हणून वाढतेय. मी तो तसाच ठेवून उठलो.

मुलगी झाली. टिकली. डोक्याला माझ्या जुन्या धोतराचं फडकं.

*

पावसाळ्यात वकील कुणाच्यातरी बांधाच्या भांडणात दहिवलीत आले. नथूचा बाप पडवीत बसला होता. त्याच्या दोन्ही पायांत घोट्यापासून मांडीपर्यंत खाकी लोकर. पलीकडच्या पडवीत आणखी एक म्हातारा, तसाच. त्याच्या शेजारी म्हातारी.

"बाबा, हे काय घातलंय?"

म्हातारा खूश होऊन म्हणाला, "सुनंनं केलंय, साहेब. गारठ्यानं गुडघं धरतात ना. ताऱ्यापास्नं ताऱ्यापर्यंत हाय."

एकीनंही उसवलं नव्हतं. अर्ध्या आळीच्या गुडघ्यांवर सरकारी लोकर, आणि चोर मी.

नथू आला. येताना ताडी घेऊन आला, पण प्यायच्या आधी बोलला. "काशा, माजं चुकलं रं. बापाचं पाय रोज दिसत व्हतं, ध्यानात नाय आलं." दुसऱ्या दिवशी वकील स्वतः चिखल तुडवत आले. सोबत तांदळाचं पोतं. म्हणाले, "काशिनाथ, मी चुकलो. पण तू कबूल का केलंस?"

मी म्हटलं, "आमी अडानी मानसं, साहेब."

बैल तोवर खालापूरच्या बाजूला कुणाच्यातरी औताला लागले होते. पोत्यातले तांदूळ चांगले होते, तेवढं खरं.

*

शेवटची गोष्ट. लढाई संपली, मग वकील वारले. बाई पुण्याला भावाकडं राहायला निघाल्या. ट्रंक मी डोक्यावर घेऊन स्टेशनात पोचवली. गाडीला वेळ होता. बाई बाकावर बसल्या आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या.

"काशा, ती पांढरी लोकर मी दिली होती हिराला. माझ्या मुलाचं दुपटं होतं. तो गेला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, सगळं नदीत सोडा. तेवढं एक मी लपवलं. गेलेल्या मुलाची लोकर पोटुशीला दिली हे कळलं असतं, तर तुझ्या आईनं आणि माझ्या सासूनं आम्हा दोघींना घरात ठेवलं नसतं. म्हणून मी हिराला शपथ घातली. मला वाटलं होतं, ती घेणार नाही. तर मला म्हणाली, बाय, तुमचं गेलं, माजं गेलं, दोगींचं मिळून एक तरी ऱ्हाईल."

मी ट्रंकेच्या कडीशी चाळा करत उभा.

"टोपडं मी गठ्ठ्यातून काढून घेतलं होतं. या ट्रंकेत आहे. देऊ?"

"ऱ्हाऊंद्या, बाय. तुमचंच हाय."

मग त्यांनी सगळ्या स्टेशनादेखत मला हात जोडले. मी डोक्यावर चुंबळ घेतलेला हमाल माणूस. कुठं बघावं कळेना.

घरी आलो. हिरा सुपात तांदूळ निवडत होती.

"बाईनं आज हात जोडलं मला."

"जोडंनात का. त्यांचं ऱ्हायलं व्हतं."

मी बसून राहिलो. म्हटलं, आता ही बोलेल. ती खडे वेचत राहिली.

"आन तुजं?"

"माजं काय?"

"तुला ठावं व्हतं मी चोर नाय. बैल गेलं, गाडी गेली. तू गप."

"शपथ व्हती," ती म्हणाली. "तुमी अंगावर घेतलंत, तवा मला वाटलं, तुमाला सगळं उमगलंय. बाईचं झाकाया घेतलंत. म्हनलं, यवढा मोठा मानूस माज्या नशिबात हाय, आनि मला ठावंच नवतं."

मी खरं तेच बोललो. "मला वाटलं, तू उचललीस."

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं एकदा बघितलं, आणि परड्यात निघून गेली. तांदूळ कोंबड्यांनी खाल्ले, मी हाकलल्या नाहीत.

त्याला किती पावसाळे झाले, मोजायला जात नाही. ती माझ्याशी बोलते, भाकरी देते, औषध देते. त्या गोष्टीचं नाव काढलं की उठून जाते. आत्ता आत बसलीय, नातसुनेला टाच कशी वळवायची ते दाखवतेय. नथूनं मागितली. वकिलानं मागितली. बाईंनी तर भर स्टेशनात मागितली. माफी मागायची राहिलीय ती एकट्या हिरानं.