म्हशीनं खाल्लेली खुर्ची

१९९९ च्या दिवाळीनंतर मी दवनीवाडा सोडलं. धान कापून खळ्यात पडलं होतं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि मी बाईसाहेब टाचेच्या नव्या चपला घालून एसटीची वाट पाहत उभी! मुलाला पुण्यात नोकरी लागली होती. त्याच्या पोटाची मला भारी काळजी. माझी वळकटी मोठ्या जावेनं, आमच्या मोठीबाईनं, धानाच्या पेंढ्याची, तणसाची दोरी वळून आवळली.

"कवा येशीन?"

"चुरण्याच्या आत."

चुरणे झाले, खळ्यातलं धान मळून घरात गेलं. उन्हाळी धानही झालं. सासूबाईंचं सगळं मोठीबाईनं एकटीनं काढलं, शेवटचं पाणीसुद्धा तिनंच पाजलं. मी पुण्यातच.

फ्लॅटमधली एक मोडकी खुर्ची मी त्याच दोरीनं विणली. शेजारची आर्किटेक्ट पोरगी पाहून आनंदानं किंचाळलीच. मग तणस मागवलं, विणत गेले. आर्टवाले मला फर्निचरवाली म्हणत, फर्निचरवाले आर्टिस्ट. मी चहा दोघांचाही प्यायले. नातीनं माझं कार्ड छापलं: डिझायनर. प्रदर्शनात माझ्या खुर्च्यांपुढं पाटी असे, 'बसू नये'. जन्मभर सासऱ्यांसमोर भुईवर बसलेली मी, आता जगाला उभं ठेवत होते. केवढा तो तोरा!

मोठीबाई तर घरात कधी बाजेवरही टेकली नव्हती. आता वडीलधारं कोणी उरलं नाही, आता तरी बसेल, म्हणून तिच्यासाठी एक खुर्ची केली. स्वतः न्यायची सोडून टेम्पोनं धाडली. मग फोन केला.

"कशी आहे खुर्ची?"

"लय मस्त. म्हशीनं खाल्ली."

मी पोट धरून हसले. "अंगणात काऊन ठेवली मग?"

"घरात ठेवून का करू? एकटी बसून कोनाच्या तोंडाकडं पाहू?"



नंतर मी खुर्ची केलीच नाही. बाक विणला, दोघींपुरता. तिला सांगितलं तर म्हणाली, "म्हैस इकून टाकली. आता आन."

बाक माझ्या खोलीत आहे. संध्याकाळी मी एका टोकाला बसते, दुसऱ्या टोकावर कोणाला पिशवीसुद्धा ठेवू देत नाही. माझं घर आता तेवढ्या रिकाम्या जागेत आहे. बाक गावी नेऊन तिच्याशेजारी बसले, तर परत उठून यायला टाचेच्या चपला कुठून आणू?

तिचा फोन येतो. मी म्हणते, "पॉलिश राहिलंय."

तणसाला पॉलिश लागत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक!

"बरं," म्हणते ती. "होऊ दे."