आमची फातिमा, चरण तिसरा

माझी थोरली नात ऋग्वेदी, आश्वलायनसूत्री, कौशिक गोत्राची असून तिचे नाव फातिमा आहे. हे वाक्य ऐकल्यावर समोरच्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर जो प्रश्न उमटतो, त्याचे उत्तर देण्यात माझ्या निवृत्तीचा बराच काळ खर्ची पडला. ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे, म्हणजे पुढील जिज्ञासूच्या हाती कागदच देता येईल, एवढ्या हेतूने हे लिहीत आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षे. मी परळच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत असे. आजूबाजूस बहुतेक गिरणीकामगार. चाळीत कोणाकडे मूल जन्मले की जन्मवेळ घेऊन मंडळी माझ्याकडे येत. (वेळही माझ्याच भिंतीवरच्या घड्याळाची धरीत. पंचवीस वर्षांत ते एक मिनिट चुकले नाही, असे मी प्रत्येकास आवर्जून सांगे.) मी पंचांग उघडी, नक्षत्राचा चरण काढी आणि त्या चरणाचे अक्षर सांगे. दक्षिणा कधी घेतली नाही. आज्ञापालन मात्र पुरेपूर घेतले. सांगितलेल्या अक्षराचेच नाव ठेवले पाहिजे. पत्रिकेत एक नाव आणि हाक मारायला दुसरे, ही पळवाट मला मान्य नव्हती. आणि एकदा का नाव बाळाच्या कानात गेले की ते परत काढता येत नाही, हेही मी बजावून ठेवी.

आमच्या शेजारचे सावंत गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. त्यांचा मुलगा हस्त नक्षत्राच्या चौथ्या चरणावर जन्मला. अक्षर निघाले 'ठ'. सावंतांनी अगदी काकुळतीला येऊन विचारले की, आसपासचे एखादे अक्षर चालणार नाही काय? मी शांतपणे म्हणालो, "शास्त्र आहे, सावंत. त्याला कोण काय करणार?" मुलाचे नाव ठकसेन ठेवण्यात आले. पुढे शाळेत त्याला काय म्हणत, ते येथे लिहीत नाही. सावंत मला जिन्यात भेटले की नमस्कार करीत. पण त्या नमस्कारात ते कशाची तरी वाट पाहत आहेत, असे मला उगाच वाटे.

ते ज्याची वाट पाहत होते तो दिवस उजाडला. माझी सून सुधा पहिल्यांदाच गरोदर होती. माहेरी आई नसल्याने बाळंतपण आमच्याकडेच व्हायचे होते. माझा चिरंजीव माधव दिवसा विमा कचेरीत कारकून आणि सायंकाळी चळवळीत सेनापती होता. त्या आठवड्यात हरताळ पुकारलेला. तिसऱ्या दिवशी दुपारी सुधेच्या पोटात दुखू लागले, तेव्हा गिरण्या बंद, बसगाड्या बंद, टॅक्सी नावालाही नाही, आणि टॅक्सी बंद पाडणाऱ्यांत आमचे चिरंजीव आघाडीवर!

अशा वेळी फातिमाबी आली. ती मूळची रत्नागिरीकडची. रे रोडला लाकडाच्या वखारींमागे राहत असे. निम्म्या लालबागेची सुईण तीच. रस्त्यावर दगड पडत होते, त्यांतून ती पायी आली. हातपाय धुतले, पदर खोचला आणि आत गेली. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो. सुधेची काळजी मला होतीच. परंतु जन्मवेळेची त्याहून अधिक होती, हे आज खाली मान घालून कबूल करतो. मी दारातून तीनदा सूचना केली की, मूल बाहेर येताच तो क्षण मला मोठ्याने कळवावा.

"मास्तर," आतून फातिमाबीचा आवाज आला, "नाळ गळ्यात अडकलीय. तुम्ही घड्याळ बघा, मला पोर बघू द्या."

मग आत इतकी शांतता पसरली की घड्याळाची टिकटिक मला प्रथमच नकोशी वाटली. आणि मग रडणे ऐकू आले. मुलगी. घड्याळात चार वाजून बारा मिनिटे झाली होती.

डोळे पुसून मी पंचांग उघडले. पूर्वाषाढा नक्षत्र. चार वाजता दुसरा चरण संपून तिसरा लागला होता. अवघ्या बारा मिनिटांचा फरक! घड्याळ इतके बिनचूक नसते तर केवढा प्रमाद घडला असता, म्हणून मी त्या घड्याळाला हात जोडले. नंतर तिसऱ्या चरणाचे अक्षर पाहिले आणि जोडलेले हात तसेच राहिले.

अक्षर होते 'फा'.

सोयर असल्यामुळे दहा दिवस देवपूजा बंद होती; तो सर्व वेळ मी कोशांत घालविला. 'फा'वरून आरंभ होणारे संस्कृत शब्द इतके थोडे असतील, याची मला कल्पना नव्हती. जे सापडले ते, आणि काही मी स्वतः सिद्ध केलेले, असे सगळे मिळून अकरा शब्द एका कागदावर अर्थासह लिहिले. कागद भिंतीवरच्या खिळ्याला लावला, शेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधली आणि घरात जाहीर केले की, ज्यास जे नाव पसंत नसेल त्याने त्यावर रेघ ओढावी. लोकशाहीचे वारे आमच्या घरातही शिरले होते, हे यावरून दिसेल.

पहिली रेघ आमच्या सौभाग्यवतींनी 'फाणिता'वर ओढली. फाणित म्हणजे काकवी. "नातीचं नाव काकवी ठेवा, म्हणजे मला गुळाची ढेप म्हणता येईल," एवढेच त्या बोलल्या. 'फालिनी', म्हणजे नांगराचा फाळ धारण करणारी, सुधेने रडत रडत खोडली. 'फाण्टा' म्हणजे काढा, हे कळताच त्यावर दोन रेघा पडल्या.

माझी सारी भिस्त 'फाल्गुनी'वर होती. ती माधवाने लाल पेन्सिलीने खोडली.

मी त्यास समजावले की हे शुद्ध संस्कृत नाव आहे; आकाशात दोन नक्षत्रे या नावाची आहेत.

"आकाशात असतील, अण्णा," तो म्हणाला. "लालबागेत ती किराणावाल्या शेठची मुलगी आहे. द्विभाषिक राज्य नको म्हणून मी चौकात भाषणं करायची, आणि घरी येऊन फाल्गुनीला पाळण्यात जोजवायचं?"

नक्षत्रांची भाषावार प्रांतरचना झाल्याचे माझ्या वाचनात नव्हते. पण त्या दिवसांत चिरंजीवांशी वाद घालणे म्हणजे मोर्च्याच्या समोर उभे राहणे होते. नवव्या दिवसापर्यंत अकराही शब्दांवर रेघा पडल्या. जिन्यात सावंत भेटले. त्यांनी नातीच्या प्रकृतीची विचारपूस केली आणि अक्षर कोणते निघाले, असे अगदी सहज विचारले. मी सांगितले. त्यांच्या मिशा हलल्या.

दहाव्या दिवशी फातिमाबी बाळाला न्हाऊ घालायला आली, तेव्हा सौभाग्यवती मला म्हणाल्या, "अहो, घरात रोज एक 'फा' येतोय, त्याचा अर्थ तरी विचारलात का कधी?" अभ्यासकाने कोणत्याही शब्दाचा अनादर करू नये, म्हणून मी विचारले.

"अरबी आहे, मास्तर," बाळाच्या टाळूवर तेल जिरवीत फातिमाबी म्हणाली. "आमचे आजोबा सांगत, दूध सोडवणारी असा अर्थ. मूल मोठं झालं की आई त्याला अंगावरून तोडते ना, ती. पैगंबरसाहेबांच्या लेकीचं नाव."

हे ऐकताच माझे हात आपोआप जोडले गेले. कन्येला असे नाव द्यावे की ज्यात तिचे आईपणही आधीच मोजून ठेवलेले आहे, ही योजना मला फार सुंदर वाटली. मी पुढे विचारले की, हे नाव बऱ्यापैकी प्रचारात आहे काय?

ती हसली. "आमच्या गल्लीत येऊन 'फातिमा' म्हणून हाक मारा. सात खिडक्या उघडतात. म्हणून मी सुईण फातिमा, एक बांगडीवाली फातिमा, एक कानडी फातिमा. दोघी जावाजावा आहेत, त्यांना नुसत्या थोरली-धाकटी म्हणतात."

मी उठून कागदाच्या तळाशी स्वच्छ अक्षरांत टिपून ठेवले: 'फातिमा. अरबी. दूध सोडविणारी. प्रचार विपुल.' ही केवळ नोंद होती. कोशकार जसा परभाषेतील शब्दही परिशिष्टात घेतो, त्यातला प्रकार. तो उमेदवार नव्हता. म्हणून त्यावर कोणी रेघ ओढली नाही.

बारशाच्या दिवशी सकाळी मी मनाशी ठरविले की, माधवाचा लाल रंग बाजूला ठेवून फाल्गुनी हेच नाव करायचे. नाव कानात सांगण्याचा मान आत्याचा, म्हणजे माझी कन्या यमू हिचा. ती शिवेला दिलेली. ती आली की तिला बाजूस घेऊन हळूच सांगावे, असा बेत होता. परंतु वाटेत मोर्चा आडवा आल्याने यमू आली तेव्हा पाळणा सजला होता, बायकांनी पाळणागीत म्हणायला सुरुवात केली होती, आणि आम्हा पुरुषांना गॅलरीत हाकलण्यात आले होते. मी दारातून खाणाखुणा केल्या. त्या पाहून कोणीतरी मला पाण्याचा पेला आणून दिला.

"आई, नाव काय ठरलं?" यमूने घाईघाईने विचारले, ते मला गॅलरीत स्पष्ट ऐकू आले.

घुगऱ्या वाटण्यात गुंतलेल्या सौभाग्यवती मागे न पाहता म्हणाल्या, "खिळ्यावर कागद आहे बघ. ज्यावर रेघ नाही, ते."

यमूने कागद वाचला. मग तिने उंबऱ्याशी बसलेल्या फातिमाबीकडे पाहिले, आणि तिचे डोळे भरून आले. (आपल्या वहिनीचा जीव जिने वाचविला तिचे नाव अण्णांनी नातीला द्यावे, केवढे हे मोठे मन, असे तिला वाटले, हे तिने मला मागाहून सांगितले. मी ते स्तुतिवचन अद्याप परत केलेले नाही.) ती पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र केले, नाव सांगितले, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि तिने सरळ होऊन मोठ्याने उच्चारले, "फातिमा!"

धपाटे जागच्या जागी थांबले. साऱ्या चाळीने वळून माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात पेला होता. मी पाणी प्यालो.

सावंत गॅलरीच्या टोकापासून सावकाश माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शास्त्र आसा, मास्तर," ते म्हणाले. "तेका कोण काय करतलो?"

त्या वाक्यासाठी त्यांनी चार वर्षे वाट पाहिली होती, आणि ते त्यांनी फार प्रेमाने उच्चारले. एव्हाना फातिमाबी उठून उभी राहिली होती. ती म्हणाली, "मास्तर, चूक झाली असेल तर बदला. मला वाईट नाही वाटायचं." तिला वाईट वाटणार होते, हे गॅलरीपर्यंत दिसत होते.

तेव्हा सुधा बोलली. ही माझ्यासमोर मान वर करून कधी बोलत नसे. ती म्हणाली, "अण्णा, त्या दिवशी या आल्या नसत्या तर आज नाव ठेवायला कुणी उरलंच नसतं. मला हेच हवंय."

आता उरला माधव. त्याने कपाळाला आठी घालून मला विचारले, "गुजराती नाही ना?"

"अरबी," मी म्हणालो.

"मग माझी हरकत नाही," चिरंजीव म्हणाले, आणि त्यांनी घुगऱ्यांचा बकाणा भरला.

कानात गेलेले नाव परत काढता येत नाही, हा नियम माझाच होता. मी आत गेलो, पाळण्यापाशी वाकलो आणि नातीला तिच्या नावाने पहिली हाक मारली. फातिमाबीने डोळे पुसले. "आठवी खिडकी," ती म्हणाली.

सायंकाळी मंडळी पांगल्यावर मी स्वतःची समजूत घालू लागलो. शास्त्र तर पाळले गेले, अक्षर तर अचूक साधले, असे मी सौभाग्यवतींना म्हणालो. घड्याळ बिनचूक म्हणून हे शक्य झाले. पंचवीस वर्षांत ते एक मिनिट चुकलेले नाही.

"ते रोज सात मिनिटं पुढं जातं," त्या भांडी पुसत म्हणाल्या.

मी म्हणालो, हे अशक्य आहे.

"तुम्ही पूजेला बसता तेव्हा सातचा गिरणीचा भोंगा होतो. त्या भोंग्याला मी रोज काटा मागं आणते. लग्न झाल्यापासून."

मी हरताळाचे तीन दिवस आठवले. गिरण्या बंद. "आणि हरताळात?" मी विचारले.

"हरताळात भोंगा कुठं होता?"

तीन सत्ते एकवीस. चार बारामधून एकवीस वजा जाता तीन एक्कावन्न. म्हणजे चरण दुसरा. दुसऱ्या चरणाचे अक्षर 'धा'. धारिणी! धात्री! केवढी मंगल, केवढी प्रशस्त नावे! मी कपाळाला हात लावला आणि विचारले की, हे आधी का नाही सांगितले?

"तुम्ही विचारलंत कुठं?" त्या म्हणाल्या. आणि पदराआड हसल्या, असा मला तेव्हाही संशय होता व आजही आहे. कागदाकडे न पाहता त्यावरच्या कोणत्या नावावर रेघ नाही, हे त्यांना कसे ठाऊक होते, हे मी आजवर विचारलेले नाही.

फातिमाबीच्या आजोबांनी सांगितलेला अर्थ अगदी यथार्थ निघाला. माझ्या नातीने बाराव्या दिवशीच एका हट्टी म्हाताऱ्याचे दूध सोडविले. त्यानंतर चाळीत मूल जन्मले की मी सांगू लागलो, आईला विचारा, तिला आवडेल ते ठेवा. लोकांनी याला माझ्या मनाचा मोठेपणा म्हटले. वर्षभराने सावंतांना मुलगी झाली, तेव्हा तेही वेळ लिहिलेला चिटोरा घेऊन आले. मी तोच उपदेश केला. त्यांनी चिटोरा घडी करून खिशात ठेवला आणि विचारले की, मग ठकसेनच्या वेळी काय झाले होते?

मी म्हणालो, वही पाहून सांगतो. ती वही अजून माझ्या पेटीत आहे. गिरण्या रविवारीही बंद असतात आणि रविवारीही भोंगा होत नाही, हे मला त्याच क्षणी सुचले. चरण बदलल्यानंतर पाचच मिनिटांनी ठकसेन जन्मला होता, हेही चांगले स्मरते. जन्मवार तेवढा आठवत नाही, आणि ती वही उघडण्याइतके धैर्य परमेश्वराने मला अद्याप दिलेले नाही.