मापांच्या वहीचा पासवर्ड

त्या दिवशी सकाळपासून आमच्या बनशंकरी वस्तीवर ढग होते. पाऊस नाही, ऊन नाही, नुसता गार, दमट वारा. अशा हवेत खडू कापडावर नीट उठत नाही, म्हणून मी काम बाजूला ठेवून खिडकीशी बसलो होतो. शिंप्याकडे किस्से चिंध्यांसारखे जमतात. कापताना लक्षातही येत नाही, आणि एक दिवस बघावं तर मशीनखाली पोतं भरलेलं! त्या पोत्यातले हे काही तुकडे.

आधी थोडं सांगतो. माझं शिवणाचं दुकान होतं, चाळीस वर्षं. मापांच्या वह्यांना वाळवी लागली, तेव्हा माझ्या मुलीनं, रेणुकानं, सगळी मापं कंप्युटरवर चढवली. मी बोलायचो, ती लिहायची. तोंडातून पडेल तो प्रत्येक शब्द! वह्या गेल्या, मापं राहिली. पुढं गुडघे कुरकुरायला लागले, तसं दुकान बंद केलं आणि मशीन घरी आणलं.

रेणुका म्हणाली, "अप्पा, आता बिझनेसवालं सबस्क्रिप्शन कशाला? पर्सनल घेऊ."

मी म्हटलं, "सरी, घे."

पर्सनल घेतलं. तीनचार आठवडे कुणी उघडलं नाही. त्या ढगाळ सकाळी उघडलं, तर आत काहीच नाही! चाळीस वर्षांची माणसं गेली कुठं?

आणि तेवढ्यात दारात शेजारच्या जयम्माअक्का. घर कानडी, पण इतकी वर्षं शेजारी राहून आमची मराठी फाडफाड बोलतात. त्यांच्या मंजूचं लग्न आठ दिवसांवर. मंजू परदेशात नोकरीला, येणार लग्नाच्या आदल्या संध्याकाळी.

"अण्णा, कोट तुम्हीच शिवायचा. दुसऱ्याकडे जायचं नाही असं मंजूनं बजावलंय. माप तुमच्याकडे आहेच की!"

मी मान हलवली. शब्द देऊन बसलो!

*

रेणुका के. आर. पुरमच्या ऑफिसातून दमून यायची आणि पुन्हा कंप्युटरपुढं बसायची. त्या संध्याकाळी तिनं वाचून दाखवलं, "अप्पा, हा विचारतोय, वर्क ऑर स्कूल, की पर्सनल?"

"म्हणजे?"

"कामाचं किंवा शाळेचं खातं, की स्वतःचं?"

मी सावकाश विचार केला. "शाळेत मी दोनच दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी वडिलांनी काजं करायला बसवलं. पण काम तर आजही करतोय. काम दाब!"

तिनं दाबलं. उत्तर आलं, तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी घ्या.

"हा कोण?"

"दुकानाचा मालक. म्हणजे तुम्हीच!"

घ्या! माझ्याच घरात शिरायला मला माझीच परवानगी हवी! मी पडद्याकडे बघून म्हटलं, "दिली."

त्यानं काही ऐकलं नाही.

*

मंजूलाच माप विचारू, असं ठरलं. त्यानं फोनवर पाठवलं, छाती एकशे सहा!

मी अक्कांना विचारलं, "अक्का, हा मंजू आहे की मांडव?"

त्या चिडल्या. "माझ्या पोराला नजर लावू नका!"

मग रेणुकाला उलगडा झाला. तिकडे टेप सेंटीमीटरची! हिशेब करून इंच काढले, तरी मला पटेना. मंजूच्या मापात एक गोम होती आणि ती मी लिहवून घेतली होती, एवढं पक्कं आठवत होतं. काय होती, ते मात्र आठवेना. तीन रात्री टाळू चोळली. व्यर्थ! ती गोम कंप्युटरच्या पोटात, आणि पोट बंद.

*

शेवटी रेणुकानं कंपनीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडून मुलगी हिंदीत बोलली. बंद झालेल्या बिझनेस खात्यातला माल महिनाभर ठेवतात, मग पुसतात. आमचे उरले होते दोन दिवस! आणि तो माल फक्त मास्टर ॲडमिनला काढता येतो.

"सर, मास्टर से बात करवाइए."

"मास्टरइच बोल रहा, बेटी."

"नहीं सर, मास्टर मतलब जो सबसे ऊपर है."

"ऊपर कोई नहीं. मास्टर मैंइच. चालीस साल से!"

पलीकडे कळफलकाची टकटक झाली. मग आवाज एकदम मऊ झाला.

"सर... अकाउंट पर भी नाम मास्टर ही लिखा है!"

लिहिलेलं असणारच! फॉर्म भरताना रेणुकानं विचारलं होतं, "नाव काय घालू?" इकडे शिंप्याला मास्टरच म्हणतात. गिऱ्हाइकं मला ज्या नावानं हाक मारायची, तेच मी सांगितलं होतं.

*

पण मास्टरकडे एक गुप्त आकडा असायला हवा, म्हणे.

रेणुका म्हणाली, "अप्पा, मी छापून दिला होता कागद. जपून ठेवा म्हणाले होते!"

"जपूनच ठेवलाय."

मी खिळ्यावरची कागदी साच्यांची जुडी काढली. मला इंग्रजी वाचता येत नाही. मला दिसला होता तो कडक, पांढरा, सुरेख कागद. मी त्याची कॉलर कापली होती!

रेणुकानं कपाळाला हात लावला. कॉलरवर अर्धाच आकडा. "उरलेला कागद?"

"असा कागद टाकतं का कुणी?"

खालच्या जुडीत कफ सापडला. त्यावर दुसरा अर्धा. मधल्या एकाच आकड्यावरून कात्री गेली होती. डावी कड उडालेली; तीनही वाटे, आठही. तीन घातला, नाही. आठ घातला...

उघडलं! सगळी माणसं जागच्या जागी! रेणुका तर खुर्चीवरून उठून नाचली. रात्री सगळं उचलून पर्सनलमध्ये आणलं.

नुसता कॉलर आणि कफ जोडून दार उघडणारा सदरा मी जन्मात पहिल्यांदा शिवला!

*

मंजूच्या नावापुढं माझेच शब्द होते: "माप देताना पोट आत ओढतो. दीड इंच जास्त धरावा."

तीच गोम! त्यानं पाठवलेल्या कमरेत मी दीड इंच घातला आणि कोट वेळेत शिवून झाला. लग्नाच्या सकाळी मंजूनं सवयीप्रमाणे पोट ओढून बटण लावलं. मग भीतभीत श्वास सोडला. बटण जागेवर!

मांडवातून ओरडला, "मास्टर, सोडलं तरी बसतोय!"

दोन दिवसांनी जयम्माअक्का चिरोटी घेऊन आल्या. रेणुकानं त्यांना मंजूची ओळ वाचून दाखवली. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अय्यो! आणि माझ्यापुढं काय लिहिलंय?"

मी घाईनं म्हटलं, "अक्का, स्वल्प कॉफी घ्या."

पण रेणुकानं उघडलंसुद्धा, आणि मोठ्यानं वाचलंसुद्धा: "जयम्माअक्का. ब्लाउज कसाही शिवा, एकदा परत आणतातच. पहिल्या वेळी कच्चा दोराच घालावा."

अक्कांनी चिरोटीचं ताट माझ्यापुढून उचललं, रेणुकापुढं ठेवलं, आणि म्हणाल्या,

"सरी, अण्णा. कोट झाला ना? आता तो पासवर्ड परत विसरा!"