काळं पडंल, भिऊ नगा

“काळं पडंल. भिऊ नगा.”

लोणावळ्याच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी हे वाक्य कानांवर आलं आणि मी चपापले. औषधाच्या खिडकीमागे आमचे कंपौंडर उभे होते. जाड मिशा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, काळी टोपी. खिडकीच्या अलीकडे एक गरोदर बाई, तिच्या मागे सासू, आणि व्हरांड्यात बसलेलं निम्मं मावळ. काय काळं पडेल, तेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. परसाकडे जाऊन आलीस की दिसेल, म्हणाले. त्या बाईनं पदर असा ओढला की नुसतं नाक दिसावं. मी पुण्याहून शिकून आलेली, वीस-बावीस वर्षांची. मलाच कुठे तोंड लपवू असं झालं.

सगळे त्यांना भाऊ म्हणत. हे एकोणीसशे तीस-बत्तीसच्या सुमाराचं सांगते आहे. तुमच्यापैकी कुणी त्या काळात आमच्याकडे औषधाला आलं असेल, तर भाऊंचा तो खर्जातला आवाज विसरलं नसेल.

मावळातल्या बायका तेव्हा पांढऱ्याफटक होऊन यायच्या. घरातले पुरुष जेवले, पोरं जेवली, सासू जेवली, की उरलं त्यात सुनेचं जेवण. भात उरे, भाजी उरत नसे. त्यात एकामागून एक बाळंतपणं. भाऊ बाईच्या नखांकडे बघत आणि हळूच विचारत, “माती खातीस?” बाई मान खाली घाली. खात असे. चुलीची भाजकी माती, भिंतीचा पोपडा, मिळेल ते. मग डॉक्टर लोखंडाचं औषध लिहून देत.

ते औषध म्हणजे गंजका खिळा चोखावा तशी चव. शिवाय दातांवर काळा थर चढे. म्हणून भाऊ बाटलीबरोबर एक नळी देत, म्हणजे औषध दातांना न लागता घशात उतरावं. आधी ते पपईच्या पानाचा पोकळ देठ कापून द्यायचे. बायका तो घेत आणि बाहेर पडताच गटारात टाकत. गरोदर बाईला पपईची सावलीसुद्धा नको, तिथे पपईतून औषध कोण पिणार? भाऊंना हे कळायला बरेच दिवस लागले. कळल्यावर स्वतःवरच हसले आणि कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बारीक नळ्या कापायला बसले.

औषधाबरोबर त्यांचा उपदेशही फुकट मिळे. “माठ खा, अंबाडी खा, नाचणी सोडू नगा. भाजी लोखंडी कढईत करा, वर आमसूल टाका. आंबट पडलं की कढई आपलं लोखंड सोडती.” नव्या सुनांना पितळेच्या भांड्यांचा सोस, लोखंडी कढई म्हणजे गरिबीचं लक्षण. त्यावर त्यांचं म्हणणं, “पितळ चमकतं भांड्यात, लोखंड चमकतं गालावर.” एवढं बोलणारा हा माणूस स्वतः मात्र पालेभाजीला हात लावत नसे. खाणावळीच्या डब्यातली भाजी रोज निमूट माझ्याकडे सरकवायचा. मी टोचून बोललेच एकदा. म्हणाले, “बाई, आमाला कुटं बाळंत व्हायचंय?”

अशा माणसाला एके दिवशी गप्प बसवलं गेलं. एका सासूनं व्हरांड्यात आकांत मांडला होता, परक्या बाप्यानं सुनेला चारचौघांत परसाकडचं विचारलं म्हणून. डॉक्टर सज्जन होते, पण त्यांनाही ते अवघड झालं. भाऊंना आत बोलावून म्हणाले, “अहो, बाटलीवर चिठ्ठी लावलेली असते ना? ती द्या, पुरे. बोलू नका.” भाऊंनी मान डोलावली. त्या चिठ्ठीवरचं वाचणारी एक तरी बाई व्हरांड्यात होती का, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

त्याच आठवड्यात टाकवे बुद्रुकहून सासू-सून आल्या. सुनेला सातवा महिना. पायऱ्या चढून आली ती खांब धरूनच उभी राहिली. ओठ आणि हिरड्या एकाच रंगाच्या, आणि तो रंग पिठाचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ही अशीच बाळंत झाली तर थोडाही रक्तस्राव सोसणार नाही. भाऊंनी तिला बाटली दिली, नळी दिली. बोलायला तोंड उघडलं, डॉक्टरांच्या दाराकडे पाहिलं आणि मिटलं.

पुढच्या बाजाराला सासू एकटीच आली. जवळजवळ भरलेली बाटली तिनं खिडकीत आपटली.

“ह्ये घ्या तुमचं औषद. पोरीचं रगत आतल्या आत जळून भाईर पडाया लागलंय.”

“बंद केलंत?” भाऊंनी विचारलं.

“तर काय करू? काळं कुळकुळीत. पोरगी रडत सांगत आली.”

तिची समजूत घालायला मी बाहेर आले, पण ती तरातरा निघूनही गेली होती. भाऊ बाटली हातात धरून तसेच उभे होते. मग आत जाऊन डॉक्टरांना म्हणाले, “साहेब, उद्या रजा पायजे.” डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाही सोबत जायला सांगितलं.

कामशेतला गाडीतून उतरलो आणि खाचरांच्या बांधावरून टाकव्याची वाट धरली. घरातले पुरुष शेतावर गेलेले. सासू रागात होती, पण दारात आलेल्या पाहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ देणं मावळच्या रीतीत बसत नाही. तिनं दोन ताटं मांडली, भाऊंचं आणि माझं. नाचणीची भाकरी, माठाची भाजी. भाऊ पाटावर बसले आणि हात मांडीवर ठेवले.

“पोरीचं ताट मांडा,” ते म्हणाले.

“ती मागनं जेवंल की.”

“मग मी बी मागनंच जेवतो.”

भाकरी निवत चालली. सासू एकदा आमच्याकडे बघे, एकदा दाराकडे. शेवटी पुटपुटली, “पाव्हणा उपाशी उठला तर गाव माज्या तोंडात शेण घालंल.” आणि तिसरं ताट मांडलं. सून भिंतीकडे तोंड करून जेवायला बसली. पहिला घास घ्यायलाच तिला किती वेळ लागला.

मग भाऊंनी पिशवीतून बाटली काढली आणि तिच्यादेखत एक घोट स्वतः घेतला, नळी न लावता. दात काळे दिसायला लागले. सासू म्हणाली, “बाप्यामाणसाला काय कळतंय ह्यातलं?”

“माज्या कारभारणीला ह्येच औषद दिलं हुतं,” भाऊ म्हणाले. “तवा मी इस्टेशनावर हमाल हुतो. ती म्हनली, काळं पडतंय. मी म्हनलं, ह्ये इख हाय. बाटली माज्या हातानं उकिरड्यावर ओतली.” ते थांबले. “काळं पडंल, भिऊ नगा, एवढं कुनी सांगितलं न्हवतं. बाळंत झाली, ती उठलीच न्हाई. पोर बी गेलं.”

मी त्यांच्याबरोबर रोज काम करत होते आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सासूनं त्यांच्या हातातली बाटली घेतली आणि देवाच्या कोनाड्यात नेऊन ठेवली. भाऊंनी मान खाली घालून ताटातली माठाची भाजी सगळी संपवली.

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते खिडकीपाशी आले. “भाऊ, सांगत जा,” म्हणाले. “व्हरांड्यात ऐकू जाईल असं सांगत जा.”

ती सून बाळंत झाली ती माझ्याच हातून. मुलगी झाली. रक्त गेलं, बरंच गेलं. पण ती टिकली. बाहेर येऊन मी सांगितलं तेव्हा भाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि नळ्या कापायला बसले. मला त्या माणसाबद्दल त्या दिवशी जी माया वाटली, ती कधी बोलून दाखवली नाही.

लढाईच्या वर्षांत भाऊ तापानं गेले. पडून राहिले तेही फार दिवस नाही. नवा कंपौंडर यायला वेळ लागला, तोवर खिडकी माझ्याकडे आली.

एका सकाळी टाकव्याची ती सासू आली. पार वाकली होती. सोबत धाकटी सून, पोटुशी.

“भाऊ कुटं हाईत?”

मी सांगितलं. तिनं खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. मी बाटली पुढे केली आणि सांगायला तोंड उघडणार, तोच ती सुनेकडे वळली आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “काळं पडंल. भिऊ नगं.”

मग तिनं कनवटीतून कळकाची एक जुनी नळी काढली, लुगड्याला पुसली आणि सुनेच्या हातात दिली.