व्याह्यांचे हात आणि कडीची रायफल

माझ्या व्याह्यांचे हात थरथरतात ही अफवा मी उठवली. चार वर्षं झाली. आता खरं काय ते सांगतो.

मी बँकेच्या दारात तीस वर्षं बंदूक घेऊन बसलो. उडवली एकदाही नाही. तरी पाहुण्यारावळ्यांत बंदुकीचा जाणकार म्हणून माझं नाव झालं, आणि मी ते होऊ दिलं. माजलगावचे माझे व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, यांच्याकडं परवाना होता. साठीनंतर त्यांना नेमबाजीच्या स्पर्धेचं वेड लागलं. रायफल निवडायला त्यांनी मला नेलं. मुलीच्या बापाला एवढा मान मिळाल्यावर माझे पाय जमिनीवर राहीनात.

दुकानदारानं दोन जुन्या रायफली ठेवल्या. एक साध्या खटक्याची, बाजूच्या दांड्यानं गोळी भरायची. दुसरीला घोड्याखाली कडी होती. ती खाली ढकलून वर ओढली की पुढची गोळी भरते. व्याह्यांनी उभ्यानं कडी ओढली. खटॅक! सगळं दुकान वळून बघायला लागलं.

"लई झ्याक हाय की ओ पाव्हणं!" व्याही म्हणाले.

"तुमाला हीच शोभती," मी म्हणालो.

दुकानदार म्हणाला, "साहेब, स्पर्धेत पालथं झोपून मारावं लागतं. इथं चटईवर जरा आडवं होऊन बघा."

मी कडाडलो, "आमचे व्याही दुकानात पालथे पडायचे न्हाईत! वरमाय काय म्हणल?"

वरमाय घरी होती, पण व्याह्यांना माझं बोलणं इतकं आवडलं, की त्यांनी लगेच रायफल बांधायला सांगितली.

स्पर्धेत ते पालथे झोपले. पहिली गोळी बरी लागली. मग कडी खाली ढकलली, तर ती जमिनीत रुतली. पोट मोठं, रायफल वर उचलावी तर तेही मधे यायचं. शेवटी ते कुशीवर वळले, कडी ओढली, परत पालथे झाले. प्रत्येक गोळीला तसंच. तव्यावर भाकरी उलटावी तसं चाललं होतं. कागदावर एकच भोक पडलं, बाकीच्या गोळ्या मागच्या मातीच्या ढिगात.

बघायला आलेले सगळे पाहुणे माझ्याकडं वळले. "काहून असं झालं ओ?"

मी म्हणालो, "हात थरथरला त्यांचा. वय झालं आता."

लोकांनी ते धरून ठेवलं. माझ्याच लेकीनं त्यांचा दाढीचा वस्तरा उचलून ठेवला. जन्मभर स्वतः दाढी करणारा माणूस आठ-आठ दिवस न्हाव्याची वाट बघत बसायला लागला. पायऱ्या उतरताना कुणीही येऊन त्यांचं कोपर धरतं. त्यांनी रायफल विकून टाकली.

परवा मी गेलो आणि सगळं कबूल केलं. ते दाढीचे खुंट खाजवत ऐकत होते.

"मंजी हात ठीक हायती माझे?"

"ठीक हायत. चूक माझी."

"चार वर्सं मी रातंदिस हाताकडं बघतोय बे!" व्याह्यांनी व्याह्याला 'बे' म्हणावं, एवढा माझा गुन्हा होता. मग म्हणाले, "तोंडी न्हाई चालायचं. लिवून द्या. सुनेला वाचून दाखवतो."

म्हणून हे लिहितोय. पोरी, तुझ्या सासऱ्यांचे हात दगडासारखे स्थिर आहेत. चूक तुझ्या बापाची आहे. त्यांचा वस्तरा आजच परत दे.